‘तारै तप्पट्टै’: ताफा जमला, खेळ रंगला नाही

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला तिथल्या भोसले घराण्यातल्या शहाजीराजांची मराठी नाटकं आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. त्याच मुलखात देवीच्या जत्रांमधून नाचला जाणारा करगाट्टम मात्र आपल्याला फारसा ठाऊक नाही. डोक्यावरचा सजवलेला कलश हात न लावता तोलायचा आणि पाय नैयांडी मेळाच्या तालावर टाकायचे. मेळात नागस्वरम, तविल, पंबै. तविलवादक उजव्या हाताच्या बोटांवर कडक टोप्या चढवतो, डाव्या हातात काठी धरतो. लाउडस्पीकर नव्हते तेव्हाही हा आवाज अख्ख्या जत्रेला पुरत होता.

करगाट्टमच्या अशाच एका ताफ्यावर बाला यांनी २०१६ च्या पोंगलला ‘तारै तप्पट्टै’ आणला. बाला म्हणजे ‘सेतु’, ‘पितामगन’ आणि ‘नान कडवुळ’चे दिग्दर्शक. जोडीला शशिकुमार, वरलक्ष्मी शरत्कुमार, जी. एम. कुमार, आणि संगीत इळैयराजांचं, त्यांचा हजारावा चित्रपट. एवढी पुंजी हाताशी असताना चित्रपट फसावा याचं मनापासून वाईट वाटतं.

पूर्वार्धात ताफ्यातली थट्टामस्करी आहे, पण ती दारू आणि द्वयर्थी बोलण्यापलीकडे जात नाही. कार्यक्रमाच्या नावाखाली ताफ्याला अंदमानात नेऊन फसवलं जातं, तिथे कलावंतांच्या पोटाचा खरा प्रश्न समोर येतो. चित्रपट तो धरून ठेवत नाही. ताफ्यातली नर्तकी सूरावळी (वरलक्ष्मी) हिचं लग्न नायकाऐवजी दुसऱ्याशीच लागतं, नवरा नराधम निघतो आणि उत्तरार्ध तिच्या छळात बुडून जातो. वरलक्ष्मी जीव ओतून नाचते, जी. एम. कुमार यांचा म्हातारा, मानी वादक डोळ्यांत भरतो. पण या माणसांना वाजवताना, नाचताना, चुकताना, सावरताना पुरेसं पाहायलाच मिळत नाही. त्यांचे हाल दिसतात, त्यांचं काम दिसत नाही. कलावंतावरच्या चित्रपटात याहून मोठी उणीव कोणती असणार?

याच विषयावर तमिळमध्ये केवढं उंच काम झालंय ते पाहायचं तर १९६८ चा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ पाहावा. दिग्दर्शक ए. पी. नागराजन, मूळ कादंबरी कोत्तमंगलम सुब्बू यांची. नागस्वरमवादक नायकाच्या भूमिकेत शिवाजी गणेशन, ज्यांना हे नाव छत्रपतींची भूमिका रंगभूमीवर गाजवल्यामुळे मिळालं. पडद्यावरचं नागस्वरम प्रत्यक्षात वाजवलं ते एम. पी. एन. सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंनी, पण शिवाजींची बोटं, फुगलेले गाल, श्वास घेण्याची जागा बघताना शंका येत नाही. आणि विनोद! आगगाडीच्या डब्यात नायक-नायिका समोरासमोर बसलेले, आणि मध्ये लुडबुड करणारे टी. एस. बालय्या. हा विनोद ताफ्याच्या एकत्र प्रवासातून, मानापमानातून, वादकांच्या अहंकारातून येतो. बालय्यांचा तविलवादक काढून टाका, नायकाची गोष्टच लंगडी होईल.

गंगै अमरन यांचा ‘करगाट्टक्कारन’ (१९८९) इतका खोल नाही. कथा पातळ आहे. तरी गौंडमणी-सेंदिल जोडीचा केळ्याचा प्रसंग तमिळ घराघरांत पाठ आहे, कारण तिथेही ताफ्यातल्या माणसांचं आपसातलं नातं खरं आहे.

आपल्याकडे ‘नटरंग’नं २०१० मध्ये हे साधलं. गुणा कागलकर नाच्या होतो तेव्हा अतुल कुलकर्णींच्या खांद्यांपासून मनगटापर्यंत तो बदल उतरताना दिसतो. दुःख तिथेही आहे, बलात्कारही आहे, पण त्याआधी आपण गुण्याला घडताना पाहिलेलं असतं. बालांनी घडणं वगळलं आणि मोडणं तेवढं ठेवलं.

‘तारै तप्पट्टै’च्या पार्श्वसंगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. एका गाण्यात माणिक्कवाचकरांच्या ‘तिरुवाचकम’चे शब्द येतात. तंजावरच्या मातीतलं भक्तीचं आणि ढोलाचं नातं इळैयराजांनी त्यात पकडलंय. बालांच्या पटकथेला ते सापडलं नाही.