अडाणी कोण?

प्रवासवर्णनांत एक प्रसंग हमखास सापडतो. लेखक लांबच्या मुलखात जातो, आपल्या देशाचं नाव सांगतो, आणि तिथला म्हातारा विचारतो, 'ते कुठं आलं?' लेखक हसतो, वाचकालाही हसवतो. वर 'भाबडी माणसं' म्हणून पाठ थोपटतो, आणि पान उलटतं.

मीही हसत आलो. रिंग खात्यात पाळी करून रात्री मिळेल ते वाचणारा मी. नकाशा उशिरा हाती आला, म्हणून तोरा जास्त. मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावर बोलत होतो. एका आजीनं विचारलं, "बाळा, ही अमेरिका कुठल्या जिल्ह्यात रं?" आम्ही पोरं खोखो हसलो. आजी गप्प झाली. पुढच्या वर्गाला आली नाही.

दोस्तांनो, हे हसू नीट तपासलं पाहिजे. एक जुनी सफर घेतो.

1769 साली जेम्स कूकचं 'एन्डेव्हर' जहाज ताहिती बेटावरून निघालं, तेव्हा तुपाया नावाचा माणूस त्यावर चढला. मूळचा रायातेआ बेटाचा. त्याच्या लोकांत कागदाचा नकाशा नव्हता. इंग्लंड कुठं आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणजे आपल्या प्रवासवर्णनांच्या हिशोबानं अडाणीच! पण तारे, लाटा, वारा आणि पक्षी यांच्या खुणांवर होकायंत्राशिवाय समुद्र ओलांडायची विद्या त्याच्याकडं होती. जहाजावर त्यानं करून दिलेल्या नकाशात 74 बेटं आहेत. मूळ कागद हरवला, नक्कल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आता लिहिणारे काय लिहितात बघा. जहाजावरचा श्रीमंत निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स डायरीत म्हणतो त्याचा मतलब असा, की शेजारी वाघसिंह पाळतात, तसा हा माणूस मी नवलाई म्हणून ठेवीन. कूकनं त्याची हुशारी कबूल केली, आणि त्याच दमात त्याला गर्विष्ठ, हट्टी ठरवलं. खालचा मानलेला माणूस जाणकार निघाला की तो उद्धट होतो. ही भाषा आपल्याला नवी नाही.

नकाशाचंही तेच झालं. उत्तर दिशा वर धरून वाचला तर बेटं भलत्याच जागी दिसतात, म्हणून तो चुकीचा मानला गेला. अलीकडं अभ्यासकांनी मांडलंय की त्यात उत्तर कडेला नाही, मधोमध आहे. तिकडं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. प्रत्येक बेटावरून निघायची दिशा त्या सूर्यावरून धरायची. हे खरं असेल तर दोनशेहून जास्त वर्षं नकाशा बरोबर होता, वाचणारे अडाणी होते!

पुढं न्यूझीलंडला माओरींशी बोलू शकला तो तुपायाच. 1770 च्या अखेरीस तो बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात वारला. 1773 मध्ये कूक परत गेला तेव्हा माओरींनी चौकशी केली ती तुपायाची.

मात्र तुपायाला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. तो स्वतः पुरोहित होता. ताहितीतही सरदार वर आणि मानाहुने खाली होते. माझा मुद्दा एवढाच, की ठाऊक नसणं दोघांकडं असतं. पण कोलंबस 1492 साली वाट चुकतो तेव्हा त्याच्या चुकीचं नाव तिथल्या माणसांना चिकटतं, 'इंडियन'. आणि म्हाताऱ्याचं न कळणं मात्र विनोद होतं. ज्या प्रवासवर्णनात लेखकाचं अडाणीपण कुठंच दिसत नाही, ते मी खोटं मानतो.

म्हणून नकाशा फेकायचा का? नाही. तो आजीच्याही हक्काचा आहे, तिला शाळा मिळाली नाही हा तिचा दोष नाही. मी शाळेचा ॲटलास घेऊन तिच्या घरी गेलो, माफी मागितली. अमेरिका दाखवली. तिनं बोट ठेवून विचारलं, "मधी एवढं पाणीच?" मग म्हणाली, "आपला जिल्हा काढ." एका तांबड्या रेघेवर मी गावाचं नाव वाचलं. ती म्हणाली, "1972 च्या दुष्काळात ह्या रस्त्याची खडी मी फोडलीय."

ॲटलासात ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढचा अभ्यासवर्ग तिच्या ओट्यावर आहे. पहिलं बोलणार ती.