चरित्रातला मित्र

आर्वीत चौदा एप्रिलच्या भाषणांत विद्यार्थी बाबासाहेबांच्या पदव्या धडाधड मोजतात. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात त्यांच्यासोबत राहिलेल्या नवल भथेनांचे नाव मात्र कोणी घेत नाही. दोष मुलांचा नाही. मी वाचलेली चरित्रेही ही मैत्री दोन ओळींत उरकतात. ग्रंथालय, प्रबंध, पदवी, झाले! 1920 साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. आणि 1917 साली बडोद्यात ज्या पथिकाश्रमातून त्यांना काठ्या उगारून हाकलले, तोही पारशांचाच. हे दोन अनुभव चरित्रकाराने शेजारी शेजारी ठेवायला नकोत काय?

आपली आत्मकथने अपमानाचा हिशेब चोख ठेवतात. तो ठेवलाच पाहिजे. सोबत्याची नोंद मात्र त्यांत मला फार शोधावी लागते.

मी घरातला पहिला पदवीधर. आर्वीहून एस.टी.ने नागपूरला शिकायला गेलो. खोलीतल्या मुलाने आधी आडनाव विचारले, मग गाव. त्यानंतर वर्षभर आमच्यात कामापुरतेच बोलणे. एके दिवशी शेजारच्या खोलीतल्या एकाने माझ्या डब्यातली घरची भाकर न विचारताच मोडून घेतली. त्या रात्री फोनवर मी आईला पहिल्यांदा तिथल्या कुणाचे तरी नाव सांगितले.