शर्मिष्ठेचा ‘मी’

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघेही आपली कहाणी प्रथमपुरुषी सांगतात. त्यांत शर्मिष्ठेचा पेच सर्वांत बिकट. शुक्राचार्य रुष्ट होऊन गेले तर आपले कुळ निराधार होईल, म्हणून वृषपर्व्याची ही कन्या देवयानीचे दास्य पत्करते. आणि पुढे स्वामिनीच्याच पतीवर प्रेम करते. निष्ठा कुळाशी, स्वामिनीशी, की स्वतःशी? प्रश्न मोलाचा आहे. पण तो तिच्या भाषेत उमटतो काय? राजकन्येची वाक्ये व दासीची वाक्ये यांत आम्हांस भेद आढळत नाही. उपमांची तीच रेलचेल, तीच सुभाषितवजा वळणे. आणि ययातीच्या तोंडीही तीच. (खांडेकरांच्या वाचकांस ती प्रिय आहेत, हे मान्य.)

आदिपर्वातील शर्मिष्ठा निराळी बोलते. दासाचे धन ते धन्याचे, हा नियमच ती ययातीपुढे ठेवते: मी देवयानीची, देवयानी तुमच्या अधीन, तेव्हा मीही तुमचीच. ज्या दास्याने तिला बांधले, त्याचेच तिने प्रमाण केले. हा वादपटु स्वर राजकुळातला आहे. कादंबरीतील शर्मिष्ठा अधिक हळवी, अधिक सोशिक आहे. वाद मात्र ती घालीत नाही.