टपाल-तिकिटे जमविणारा मारेकरी

खुनाच्या पुस्तकात वाचक शोधतो तो खुनी. लॉरेन्स ब्लॉक या अमेरिकन लेखकाच्या ‘हिट मॅन’ (1998) मध्ये ही उत्कंठाच नाही. खुनी सुरुवातीपासून आपल्यासमोर आहे. त्याचे नाव केलर. न्यूयॉर्कला एकटा राहतो आणि सुपारी घेऊन माणसे मारतो. शोध घ्यायचा तो एवढाच, की असल्या माणसाची हकीकत वाचताना आपल्याला हसू का येते.

कादंबरी हा शब्द येथे थोडा सैलपणे घ्यावा लागेल. मासिकांतून सुट्या सुट्या आलेल्या कथांची ही माळ आहे. त्यांतल्या दोन कथांना ‘एडगर’ हे रहस्यकथेचे मानाचे पारितोषिक मिळाले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला येथे चुकल्यासारखे होईल. पाठलाग नाही, भुयारे नाहीत.

केलरच्या धंद्याची रीत कारकुनी आहे. बोलावणे आले, की आगगाडीने व्हाइट प्लेन्सला जायचे. तेथे ‘म्हातारा’ मालक असतो, पण बोलणे-चालणे सारे डॉट नावाच्या बाईशी. ती थंड चहा पुढे करते, दोन तिरकस वाक्ये टाकते आणि कामाची माहिती देते. ही डॉट म्हणजे पुस्तकातली सर्वांत झकास व्यक्तिरेखा. एखाद्या पेढीवरची जुनी, सगळे जाणून असलेली मुनीमबाईच म्हणा ना!

पुस्तकाचा खरा कस लागतो तो रोझबर्ग या ऑरेगॉनमधल्या लहानशा गावी. टोळीविरुद्ध साक्ष दिलेल्या एका माणसाला सरकारने नवे नाव देऊन तेथे वसविले आहे. तो छापखाना चालवितो. केलर त्याला मारायला जातो आणि त्या गावाच्याच प्रेमात पडतो. येथे घर घ्यावे, कुत्रा पाळावा, शेजाऱ्यांशी चार गोष्टी बोलाव्यात, असे मनोराज्य तो रचू लागतो. घरांच्या किमतींची चौकशीदेखील करतो. तो छापखानेवालाही त्याला आवडू लागतो. आपण आशेने वाचत राहतो. आणि मग एके दिवशी केलर आपले काम उरकून परत निघतो. लेखक आवाज चढवीत नाही, म्हणून तर अंगावर काटा येतो.

पुढे केलर खरोखरच कुत्रा पाळतो. तो परगावी जाई तेव्हा कुत्र्याला फिरविण्यासाठी त्याने एक मुलगी ठेवलेली असते. ती एक दिवस निघून जाते आणि कुत्राही घेऊन जाते. मानसोपचाराचाही प्रयोग होतो. पण ज्या रोग्याला आपला व्यवसायच सांगता येत नाही, त्याचे निदान कोण करणार? शेवटी निवृत्तीचा विचार. रिकामपण खायला उठू नये म्हणून टपाल-तिकिटांचा छंद. पण जुनी तिकिटे महाग! निवृत्तीसाठी ठेवलेली पुंजी आल्बमात जाते आणि स्वारीला पुन्हा डॉटचे दार ठोठवावे लागते. आपल्या चिमणरावाची जी ओढाताण महिनाअखेरीस होई, तीच ही, फक्त मिळकतीचे साधन तेवढे निराळे. हसू येते ते या ओळखीमुळे, आणि ओळख पटल्यामुळेच ते घशात अडकते.

ब्लॉकवर माझा एक आक्षेप मात्र आहे. केलरच्या एकटेपणाचा तो इतका लाड करतो, की मेलेल्यांच्या घरी डोकावण्याचे त्याला फारसे सुचत नाही. रोझबर्गच्या कथेने जी टोचणी लावली, ती पुढच्या काही कथांत बोथट होते. चातुर्य उरते, पण भय ओसरते. तरीही या केलरवर त्याने आणखी काही पुस्तके लिहिली, इतका वाचकांना तो हवासा वाटला.

इंग्रजी सोपे आहे, प्रकरणे लहान आहेत. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचता येईल. मात्र घरातल्या मोठ्यांनी आधी वाचावे. मुलगा तिकिटे जमवितो एवढ्याच कारणासाठी ते त्याच्या हाती देऊ नये.