हाकणाऱ्याचं नाव



आज निम्म्या खुर्च्यांवर तरुण मुलं दिसताहेत. तत्त्वज्ञानावर बोलतो तेव्हा त्या रिकाम्या असतात. फलकावर 'ड्रॅग रेसिंग' असं लिहिलंय, त्याचा हा परिणाम असावा. तर आधीच सांगून टाकतो, आम्ही आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेलो नाही. पण देवळ्यात राहतो, विंचूर-प्रकाशा रस्त्यावर संध्याकाळी फिरायला जातो, आणि तुमच्यातली काही मंडळी त्या रस्त्यावर काय करतात ते कानांनी ऐकतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

विषय शर्यतीचा कमी आणि कीर्तीचा जास्त आहे. धावणाऱ्याचं, हाकणाऱ्याचं नाव कसं होतं, कोण करतं, आणि ते करताना चाहते काय बघतात, काय बघत नाहीत? ही एका अर्थी समीक्षाच आहे. फक्त पुस्तकाची नाही, प्रेक्षकाची. आणि त्या प्रेक्षकांत आम्हीही आहोत.

ड्रॅग रेस म्हणजे काय, ते देवळ्यात समजावायला फार वेळ लागू नये. सरळ पट्टी, वळण नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवे लागले की सुटायचं आणि टोकाला आधी पोचायचं. हरला तो घरी, जिंकला तो पुढच्या फेरीत. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. टॉप फ्युएल नावाच्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या गाड्या नायट्रोमिथेनवर चालतात आणि हल्ली चार सेकंदांच्या आत शर्यत संपवतात. आमच्या शंकरपटाचं आणि बैलगाड्याचं गणित याहून वेगळं आहे का? सरळ पल्ला, सेकंदांचा हिशेब, सुटताना झालेली चूक भरून काढायला वेळ नाही. अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना १९५१ साली निघाली. आपले बैल त्याआधी कितीतरी पिढ्या पळत होते.

पण एक फरक आहे. आपल्याकडे तुम्ही कुणालाही विचारा, बकासुर माहीत आहे? माहीत आहे. मथुर? माहीत आहे. 'हिंदकेसरी' ही पदवी पैलवानाची, ती आता बैलाच्या नावामागे लागते. गाडामालकाचं नाव माईकवर दहा वेळा घेतलं जातं. आता विचारा, छकड्यावर कोण उभा होता? मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या घाटात तर गाड्यावर माणूसच नसतो. पुढे घोडी पळते आणि मागे बैल. तिथे नाव नसणं समजू शकतं. पण सातारा-सांगलीकडच्या मैदानांत, आपल्याकडच्या छकड्यावर जिवंत माणूस उभा असतो, आणि तरीही तो दिसत नाही.

अमेरिकेत नेमकं उलट. तिथे गाडी बांधणारे, इंजिन उघडणारे, इंधन मिसळणारे मागे राहतात आणि नाव होतं चालवणाऱ्याचं. त्यातलं एक नाव आज घेतो, शर्ली मुल्डाउनी. आम्ही त्यांना शर्लीबाई म्हणणार आहोत. तुम्ही हसा, हरकत नाही.

शर्लीबाईंचा जन्म १९४० चा. शाळा अर्ध्यावर सुटली, सोळाव्या वर्षी लग्न. नवरा मेकॅनिक, त्याने गाड्या बांधून दिल्या. १९६५ साली त्यांना शर्यतीचा परवाना मिळाला. त्या संघटनेने बाईला दिलेला हा पहिला परवाना. पुढे 'फनी कार' या वर्गात त्या आल्या आणि तिथे आगीत भाजल्या. मग १९७३ मध्ये टॉप फ्युएलचा परवाना. त्या काळचा सर्वांत मोठा चालक डॉन गार्लिट्स, त्याचीही त्या अर्जावर सही होती. म्हणजे पुढे ज्याच्याशी आयुष्यभर चुरस, त्यानेच दार उघडून दिलं. १९७६ साली ओहायोतल्या कोलंबसला पहिला मोठा विजय. मग १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन अजिंक्यपदं.

आता इथे थांबा. चाहते काय सांगतात? 'टॉप फ्युएल जिंकणारी पहिली बाई.' खरं आहे. पण १९८० साली त्या दुसऱ्यांदा अजिंक्य ठरल्या, तेव्हा हे पद दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. पहिली बाई नव्हे, पहिली व्यक्ती. गार्लिट्सचंही तोवर एकच होतं. १९८२ साली तीनदा मिळवणाऱ्याही त्याच पहिल्या. म्हणजे कौतुकाच्या वाक्यातच त्यांची उंची कापली गेली. 'बाई असून' हे दोन शब्द कौतुकाचे वाटतात, पण ते मोजपट्टी बदलतात. आमच्या वर्गात एखादी मुलगी पहिली आली की आम्ही प्राध्यापक मंडळी हेच करायचो, बरं का. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवायचं कारण नाही.

त्यांना 'चा चा' असं टोपणनाव पडलं होतं. त्यांना ते पसंत नव्हतं, त्यांनी गाडीवरून काढून टाकलं. लोकांनी काढलं नाही. गाडीचा गुलाबी रंग मात्र त्यांचा स्वतःचा. आम्हाला हा भेद महत्त्वाचा वाटतो. कीर्तीतला काही भाग माणूस स्वतः रंगवतो आणि काही भाग त्याच्यावर फेकला जातो. चाहत्याला दोन्ही सारखेच दिसतात.

१९८३ साली त्यांच्यावर सिनेमा आला, 'हार्ट लाइक अ व्हील'. जोनाथन कॅप्लन दिग्दर्शक, बॉनी बेडेलिया नायिका. सिनेमा वाईट नाही. घर, मुलगा, मोडलेलं लग्न, पुरुषांचा गोतावळा, सगळं नेमकं येतं. पण तो विजयावर संपतो. चित्रपटाला शेवट लागतो, आणि लोकांना तोच शेवट माणसाचाही वाटतो. प्रत्यक्षात काय झालं? सिनेमानंतर वर्षभरातच, १९८४ च्या जूनमध्ये, कॅनडात माँट्रियलजवळच्या सॅनेर इथे ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास वेगात त्यांची गाडी उडाली. दोन्ही पाय चिरडले. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. १९८६ मध्ये त्या परत गाडीत बसल्या. १९८९ मध्ये पुन्हा एक मोठी शर्यत जिंकल्या. निवृत्ती २००३ साली. अपघातापूर्वी जितकी वर्षं टॉप फ्युएल चालवली, त्याहून जास्त वर्षं त्यानंतर गाडीशी झुंजण्यात गेली, बऱ्याचदा प्रायोजकाच्या पैशाची ओढाताण करत. या वर्षांचा सिनेमा नाही. आमच्या मते त्यांची खरी कारकीर्द तिथे आहे.

आता थोडं आमच्या धंद्याचं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे म्हटलंय की हे असताना जो एकट्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. शर्यतीला हे लावून बघा. अधिष्ठान म्हणजे, भाष्यकारांच्या अर्थाने, शरीर : ज्याचे पाय मोडतात ते. कर्ता, हाकणारा. साधनं म्हणजे इंजिन, टायर, किंवा बैल, छकडा, कासरा. चेष्टा, ती सगळी धडपड, ज्यात शर्लीबाईंचा सुरुवातीचा सहकारी कॉनी कलिटा आला, पुढे इंजिन सांभाळणारा रान टोब्लर आला, त्यांचा मुलगा आला. आणि दैव म्हणजे टायरमधली ट्यूब.

चाहता या पाचांतून एक उचलतो. अमेरिकन चाहता कर्ता उचलतो, आपला चाहता साधन उचलतो. दोघांनाही नीट दिसत नाही.

मागून एक चिठ्ठी आलीय : 'सर, बैल म्हणजे साधन आहे का? तो जीव आहे.' बरोबर आहे, शब्द आम्ही मागे घेतो. इंजिनाला पळायचं नाही म्हणता येत नाही. शर्लीबाईंना येत होतं, त्यांनी म्हटलं नाही. बैल म्हणत असेलही, पण आपल्याला ऐकायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली ती याच मुद्द्यावर, की बैलाची घडण पळवण्यासाठी नाही. मग २०१७ चा राज्याचा कायदा, डिसेंबर २०२१ ची परवानगी, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता काठी, चाबूक चालत नाही. हा नियम कुणासाठी आहे? हाकणाऱ्यासाठी. म्हणजे बघा, माईकवर ज्याचं नाव नाही, त्याचा हात कायद्याला मात्र दिसतो. बैल जिंकला तर मालकाचा, बैलाला मार बसला तर हाकणाऱ्याचा. बक्षीस म्हणून ट्रॅक्टर मिळो की थार, ती गाडी त्याच्या अंगणात उभी राहत नाही.

आता एक गोष्ट सांगतो आणि मग उठतो.

बंदीच्या आधीची गोष्ट. आमच्या ओळखीचा एक हाकणारा होता. नाव सांगत नाही, कारण घरच्यांना विचारलेलं नाही. नावावर व्याख्यान आणि नावच नाही, हे विचित्र आहे, ते आम्हालाही कळतं. दुसऱ्याची जोडी हाकायचा. एका यात्रेत पल्ल्याच्या मध्यावर छकडा उलटला. बैल पुढे निघून गेले, सुखरूप. हा खाली. आम्ही गर्दीत होतो. पहिला प्रश्न आमच्या तोंडून निघाला तो 'बैलाला लागलं का?' असा. नाही म्हटल्यावर हायसं वाटलं आणि आम्ही पुढची जोडी बघायला लागलो. त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

तीन-चार महिन्यांनी तो एका खळ्यावर दिसला. कांदा निवडत बसला होता, एक पाय लांब करून. बसलो त्याच्याजवळ. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही होते ना त्या दिवशी?"

म्हटलं, होतो.

"मग सांगा बरं. लोक म्हणतात माझ्या हातून कासरा सुटला. मी म्हणतो चाक निघालं. तुम्ही काय बघितलं?"

मंडळी, आम्हाला उत्तर देता आलं नाही. आमची नजर बैलांवर होती. आम्ही चाळीस वर्षं पोरांना ज्ञान म्हणजे काय, प्रत्यक्ष प्रमाण कशाला म्हणतात, हे शिकवलं. आणि समोर घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार म्हणून काही कामाचे नव्हतो. त्याने परत विचारलं नाही. कांदे निवडायला लागला. त्यानंतर त्याला कुणी जोडी हाकायला दिली नाही, कारण 'कासरा सोडतो' ही त्याची कीर्ती झाली होती. कीर्तीच ती, उलट्या बाजूने झालेली.

इथे शर्लीबाई पुन्हा आठवतात. त्यांची गाडी उडाली तेव्हा कारण शोधलं गेलं. पुढच्या टायरमधली ट्यूब निघून चाकात अडकली, हे जगाला कळलं. 'बाईच्या हातून स्टिअरिंग सुटलं' असं म्हणायची सोय उरली नाही. १९७० साली गार्लिट्सच्या पायाचा पुढचा भाग गेला, कारण गिअरपेटी त्याच्या पायांपाशी फुटली. त्याने अंथरुणावर पडून विचार केला आणि पुढच्याच वर्षी इंजिन चालकाच्या मागे ठेवलेली यशस्वी गाडी आणली. मग सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. २००८ साली कॉनी कलिटाचा मुलगा स्कॉट न्यू जर्सीत पात्रता फेरीतच गेला. त्यानंतर या सर्वांत वेगवान वर्गांचं अंतर कमी करून हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर केलं. ज्याचं नाव आहे त्याच्या अपघाताला कारण मिळतं, आणि कारण मिळालं की गाडी सुधारते, नियम सुधारतो. ज्याचं नाव नाही, त्याच्या अपघाताला फक्त दोष मिळतो.

म्हणून आमचं म्हणणं 'प्रसिद्धी वाईट' असं नाही. निवृत्त मास्तरांना तसं बोलायची सवय असते, पण ते खरं नाही. नाव घेणं ही बघण्याची पहिली पायरी आहे. चाहत्याने आरडाओरडा जरूर करावा, गुलाल उधळावा. फक्त ज्याच्यासाठी उधळतो तो पूर्ण बघावा. शर्लीबाईंना 'पहिली बाई' एवढंच म्हणणारा चाहता आणि छकड्यावरचा माणूस न दिसणारे आम्ही, दोघेही अर्धंच बघणारे.

यात्रा कमिटीची दोन-तीन मंडळी समोर बसली आहेत. त्यांना एकच विनंती. पुढच्या खेपेला माईकवर बैलाचं नाव घ्या, मालकाचं घ्या, गावाचं घ्या, आणि चौथं नाव हाकणाऱ्याचं घ्या. वहीत लिहून ठेवा. कुणी पडलं तर का पडलं, तेही त्याच वहीत लिहा. खर्च एका वहीचा आहे. ती वही आम्ही देऊ.

आणि तुम्ही, विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचे. तुमचे व्हिडिओ आम्ही पाहिलेत, नातवाने दाखवले. त्यांत गाडीचा नंबर दिसतो, गाडीचं मॉडेल लिहिलेलं असतं, आवाज तर चांगलाच असतो. चालवणाऱ्याचा चेहरा मात्र दिसत नाही. यावर आम्ही काही बोलत नाही. त्या खळ्यावरच्या माणसाचा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा. उद्या तुमच्याबद्दल तो कुणी विचारला, तर उत्तर द्यायला बघणारा कोण असेल?

इथेच थांबतो.