‘दिवाळीच्या रात्री’चे चित्र आणि लोणारचा अंधार

‘अवकाशातून दिसणारा दिवाळीच्या रात्रीचा भारत’ या नावाने एक रंगीत चित्र गेली अनेक वर्षे हातोहात फिरते आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे, निळे, हिरवे आणि तांबडे ठिपके, असे त्याचे रूप. विद्यार्थी ते हौसेने वर्गात आणतात. आमचे म्हणणे असे की चित्र खरे आहे, मथळा तेवढा खोटा आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी टिपलेल्या नोंदींवरून ‘नोआ’ या संस्थेतील ख्रिस एल्व्हिज यांनी ते २००३ साली तयार केले. त्यातले रंग फटाक्यांचे नव्हेत, काळाचे आहेत. १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे तांबडे. शहरे कशी पसरत गेली हे एका दृष्टिक्षेपात सांगणारा तो नकाशा. भूगोलाच्या तासाला इतके चांगले साधन हाती असताना आपण त्याची आतषबाजी करून टाकली! नासाने २०१२ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे उपग्रह-चित्र प्रसिद्ध केले आणि सोबत हेही सांगितले की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारच नाही.

नासाचे ‘ब्लॅक मार्बल’ हे चित्र अधिक प्रामाणिक आहे, पण तेही एका रात्रीचे नाही. २०१२ सालच्या एप्रिलमधल्या ९ आणि ऑक्टोबरमधल्या १३ दिवसांच्या नोंदी जोडून ते बनले. संवेदकाला फक्त उजेडाची तीव्रता कळते, रंग कळत नाही. चित्रातला सोनेरी रंग नंतर दिलेला आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलू. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जुन्या उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, सुमारे २.७ किलोमीटरचा होता. अख्खे विवर त्यात मावते. २०११ साली सोडलेल्या ‘सुओमी’ उपग्रहाचा ठिपका सुमारे ७४२ मीटरचा, म्हणजे विवराच्या रुंदीत जेमतेम अडीच ठिपके बसतात. त्यात लोणार गाव विवराच्या अगदी काठाला. गावचा उजेड शेजारच्या ठिपक्यांत सांडतो. तेव्हा इथे गाव संपले आणि विवर सुरू झाले, अशी रेघ या चित्रांवर ओढू पाहणाऱ्याने जपून ओढावी.

पण आमची मोठी तक्रार वेगळी आहे. ‘उजेड म्हणजे वीज आणि वीज म्हणजे विकास’ असे समीकरण मांडून हे नकाशे वर्गात दाखवले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख, आणि त्यातले पाचांतले जवळजवळ चार जण खेड्यांत राहणारे. ज्याचे गाव नकाशावर काळे दिसते, त्या मुलाने यातून काय समजावे?

सुओमी आपल्यावरून जातो तो रात्री दीडच्या सुमारास. त्या वेळी घरातले दिवे मालवलेले असतात. मात्र कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्रीची वीज मिळत आली आहे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन थंडीत शेतात उभा असतो आणि विहिरीवरची मोटार चालू असते. गावातली सर्वांत जास्त वीज कदाचित त्याच घटकेला खर्च होत असेल. पण मोटार उजेड देत नाही. उपग्रहाच्या लेखी तिथे काळोखच.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जिथे ती पोचते तिथे शेतकऱ्याची रात्र सुटते, साप-विंचवाची धास्ती कमी होते. या बदलाची खूण दिव्यांच्या नकाशावर शोधून सापडायची नाही. उलट, सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावलेले शहर याच नकाशावर अंधूक झालेले दिसू शकते, कारण एलईडीच्या उजेडातला निळा भाग या संवेदकाला दिसत नाही.

वर्गात हे चित्र लावायचे असेल तर मुलांना आधी एक यादी करायला सांगावी : रात्री दीड वाजता आपल्या गावात कोणते दिवे चालू असतात, आणि दिवा न लावता वीज कुठे कुठे चालू असते.