सपाट प्रतिमा, उठावाची मूर्ती : बेने इस्राएल गृहसंस्कृतीचा पुनर्विचार

मराठीभाषक बेने इस्राएलांच्या घरात एलियाहू हन्नाबीची तसबीर आढळते. तिचे स्पष्टीकरण बहुधा एका शब्दात उरकले जाते : शेजारच्या मूर्तिपूजेचा ‘प्रभाव’. ज्यू धर्मशास्त्र म्हणजे प्रतिमांचा सरसकट निषेध, हे या स्पष्टीकरणाचे गृहीतक तपासण्याजोगे आहे.

निर्गमाच्या 20व्या अध्यायातील आज्ञेचा विचार करताना शास्त्रकारांनी मूर्ती घडविणे आणि ती घरात ठेवणे हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले. योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या 16व्या शतकातील संहितेनुसार उठावाची मानवाकृती घडविणे निषिद्ध, प्राणी व वनस्पती यांच्या आकृतींना मोकळीक. नुसते मस्तक किंवा मस्तकविरहित धड यांना मुभा देणारे मतही तेथे नोंदलेले आहे. मूर्ती ठेवण्याबाबत कळीचा मुद्दा पूजेच्या संशयाचा. म्हणूनच पुतळ्याचे नाक किंचित तोडून तो अपूर्ण करण्याची रीत. आफ्रोदितीचा पुतळा असलेल्या स्नानगृहात जाण्याचे मिश्नेतील रब्बान गमलिएल यांनी केलेले समर्थनही उपयोगावरच उभे आहे : स्नानगृह पुतळ्यासाठी बांधलेले नाही, पुतळा केवळ त्याची शोभा आहे.

या प्रकाशात पुण्यात 1874 साली शिळाछापावर निघालेली सचित्र मराठी-हिब्रू हग्गादा वाचावी. बेखमीर भाकरी करणाऱ्या तिच्यातील स्त्रिया मराठी वेशात आहेत. वेश परिसराचा, तर रेखाटन सपाट. शास्त्राचा भंग येथे होत नाही.

तसबिरीचा प्रश्न अधिक बिकट आहे. तीही सपाटच, पण नवस फेडताना मलिदा मांडून एलियाहूचे स्मरण होते, तेव्हा केवळ सपाटपणाच्या आधारे तिला निर्दोष ठरविता येत नाही. मात्र मलिद्यातील हिब्रू प्रार्थना ईश्वराला उद्देशून असतात. एलियाहू हा त्याचा दूत. अलिबागजवळील खंडाळा येथील स्थानही याच अंगाने पाहावे. तेथे श्रद्धा जडली आहे ती एलियाहूच्या रथाच्या, खडकावरील मानीव खुणेशी. त्याच्या आकृतीशी नव्हे.

शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या एस्थर डेव्हिड यांच्या ‘शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी’ (2007) या इंग्रजी कादंबरीतही एलियाहू वावरतो, पण शब्दांतून.

तेव्हा ‘प्रभाव’ ही संज्ञा अपुरी ठरते. परिसराकडून दृश्यरूप स्वीकारताना या समाजाने पूजेची सीमा कोठे आखली, हा तौलनिक अभ्यासाचा खरा प्रश्न आहे. अन्यथा सूक्ष्म धर्मविवेकाची नोंद केवळ भेसळ म्हणून होत राहील.